मागून येते म्हणाले

१९ ऑगस्ट, मंगळवार
मुलं गेली. सकाळी सव्वानऊला. समीरने गाडी काढली, ईरा आणि ओजस मागच्या सीटवर, दोघांच्या मधे मांजराचा पिंजरा. फोनवर सरकारी आदेश आला तेव्हा आम्ही पोहे खात होतो. ताबडतोब घर सोडा. वणवा कड्याच्या पलीकडे, नऊ मैलांवर. ओजसचे पोहे तसेच राहिले, ते मी दुपारी खाल्ले.

गाडीत बसताना ईराने विचारलं, "आर यू कमिंग?" म्हटलं, शेळ्यांची सोय करून मागून येते. खोटं बोलले. स.ला ठाऊक होतं. रात्रीच आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं त्यावरून. मुलांसमोर त्याने ते चालवून घेतलं.

आमचा रस्ता हायवेला मिळतो तिथे पोलिसांनी नाका लावलाय. बाहेर जाणाऱ्याला अडवत नाहीत. बाहेरून आत मात्र कुणालाच सोडत नाहीत, स्वतःचं घर असलं तरी. एकदा गेले की आग विझेपर्यंत परत येणं नाही. चौदा शेळ्या, त्यातल्या दोन गाभण. वीज तोडलेली, पंप डिझेलवर, तो हाताने चालू करावा लागतो. बारा एकर अंजीर, फळ झाडाखाली पडून वाळतंय. मी गेले तर इथे पाणी मारायला कोण आहे? म्हणून राहिले. ज्याला वेडेपणा वाटतो त्याला वाटू दे.

२० ऑगस्ट
मुलं सांता क्लाराला सुखरूप. स.च्या बहिणीकडे, ज्योतीताईंकडे. स. एरवीही सोमवार ते गुरुवार तिथेच असतो, ऑफिस तिथे आहे, या आठवड्यात आगीमुळे घरी थांबला होता; त्यामुळे मुलांना ते घर नवं नाही.

फोनला रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी. चढून गेले की टिंग टिंग टिंग, सगळ्यांचे मेसेज एकदम. ज्याला त्याला मला शहाणपण शिकवायचंय. एकीने लिहिलं, शेळ्या परत घेता येतील. हो, आणि नऊ वर्षांची झाडंही मिळतात वाटतं कॉस्टकोच्या दुकानात.

पोर्चवर पानं आणि राखेचा थर. झाडू घेतला आणि हात थबकला. घरातून माणसं बाहेर पडली की लगेच केर काढायचा नाही, हे आईने इतकं डोक्यात भरलंय. मी ॲग्रिकल्चरची एम.एस्सी., चार वर्षं लॅबमध्ये काढलेली, झाडू धरून उभी. काल दिवसभर काढलाच नाही. आज रूथ आली. पलीकडच्या कुरणावर घोडे पाळणारी, चौऱ्याहत्तर वर्षांची, तीही राहिलीय. तिने दाराशी वाळकी पानं बघितली आणि अशी काही तासली मला. एक ठिणगी पडली तर घर जाईल म्हणाली. मुलं पोचली आहेत, आता हरकत नाही असं स्वतःला सांगून झाडून काढलं. अंगण, पोर्च, पन्हळी, सगळं.

२१ ऑगस्ट
काम. कड्याच्या बाजूला कुंपण हलवलं, शेळ्यांना वाळलेलं गवत आणि झुडपं चरायला सोडलं. त्यांनी खाल्लेली जमीन उघडी पडते, तिथे आग अडते. मशीनने गवत कापायची सोय नाही, पातं दगडाला लागून ठिणगी उडाली तर मीच आग लावायची. शेळीच्या दातातून ठिणगी उडत नाही. रोज साधारण तीस फुटांचा पट्टा. किती दिवस आहेत हाताशी कोण जाणे.

आईला फोन लागला नाही. सासवडला ती एकटीच असते, टीव्हीवर कॅलिफोर्नियाची आग बघून घाबरली असेल. स. म्हणाला, त्याने परवाच बोलून ठेवलंय. काय बोललास ते सांग म्हटलं तर म्हणाला, "तू पण सांता क्लारालाच आहेस असं सांगितलंय. बीपी आहे यार त्यांना."
बरं म्हटलं. बरं का म्हटलं मी?

२३ ऑगस्ट, शनिवार
अंगाचा तिळपापड झालाय. नीट लिहिता येत नाही.

संध्याकाळी टाकीपाशी जाऊन ताईंना व्हिडिओ लावला. ओजस आला. सहा वर्षांचा आहे, स्क्रीनला नाक लावूनच बोलतो. पहिलं वाक्य, "आई, गिव्ह द फोन टू आजी." मला कळेना. कुठल्या आजीला? "सासवडची आजी. इज शी स्टिल सिक?"

ताईंनी मुलांना सांगितलंय की आजीला अचानक बरं नाही म्हणून आई विमानाने पुण्याला गेली. मुलं रोज विचारत होती आई कधी येते, मग काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं आणि मग बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं मेधा, लहान आहेत ती. ओजस रात्री अंथरुणात रडायचा. आता झोपतो. तू सांग, काय चुकलं माझं?"

काय चुकलं ते मला लगेच सांगता आलं नाही, याचाच जास्त राग आला. आईला वाटतं मी मुलांजवळ आहे. मुलांना वाटतं मी आईजवळ आहे. इथे टाकीपाशी जी बाई उभी आहे तिचा कुणाकडे पत्ताच नाही. आमच्या दोन्ही घरांत ही जुनी खोड. बाबांच्या कॅन्सरचं मला तीन महिन्यांनी सांगितलं होतं, परीक्षा होती म्हणून. तेव्हा मी शपथ घेतली होती माझ्या मुलांशी असं वागणार नाही.

आणि मागून येते, हे मीच म्हणाले होते. सुरुवात माझ्यापासून आहे.

ईरा फोनवर आली नाही. होमवर्क करतेय म्हणे. शाळा बंद असताना.

२४ ऑगस्ट
ताईंनी फोनची वेळ ठरवून दिलीय. संध्याकाळी सात. तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात, म्हणजे दोन्हीकडे उजेड. किती बारीक विचार.

आणि मी काय केलं? ओजसने विचारलं आजीने काय केलं खायला, मी म्हटलं थालीपीठ. म्हणाला सेव्ह मी वन. हो म्हटलं. फोन ठेवून खाली आले आणि शेळ्यांना उगाच ओरडले.
ईरा आजही नाही.

२५ ऑगस्ट
वारा फिरला. आग आता सहा मैलांवर. राख पावडरसारखी पडते, अंजिरावर, केसांत, चहात. मास्क लावून फळ वेचलं, सात क्रेट. रूथ म्हणते हे राखेचं फळ कोण घेणार. धुऊन घेतील, मी म्हटलं. नाही घेतलं तर शेळ्या खातील. जमिनीवर सोडून देणार नाही.

दुपारी शेरिफचा माणूस, म्हणजे इथला पोलीस, आला. पंचविशीचा असेल, फार अदबीने बोलत होता. बाई, तुम्ही जायला हवं. नाही म्हटलं. मग त्याने वहीत माझं नाव लिहिलं, जवळचं माणूस कोण, त्यांचा नंबर. शेवटी खिशातून काळा मार्कर काढून दिला. दंडावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा म्हणाला. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही, पण कळलं, जळाल्यावर ओळख पटायला. तो गेल्यावर पायरीवर बसले आणि बाही वर केली. मग लिहिलं. नाव, नंबर. पुढे जागा उरली होती म्हणून मराठीतही लिहिलं, मेधा, ईरा आणि ओजसची आई.
सातच्या फोनला पूर्ण बाह्यांचा शर्ट.

२६ ऑगस्ट
पट्टा दोनशे फुटांचा झाला. शेळ्या इमानदार आहेत. त्यातली बंडी, जिला कुंपणात ठेवणं म्हणजे शिक्षा असते, तीही मान खाली घालून चरतेय.
डिझेल अर्धं संपलं.

२७ ऑगस्ट, गणपती
आज सगळं फुटलं. बरं झालं.

ताईंकडे दीड दिवसाचा गणपती. दुपारी बाराची आरती, पंधरावीस माणसं, सगळे लंच अवरमध्ये आलेले. ताईंनी हौसेने मला व्हिडिओ लावला, आईने पण आरतीला असावं म्हणून. त्या गडबडीत वेळेचं भान त्यांना राहिलं नाही. मलाही नाही. मी पंपाजवळून धावत टाकीशी गेले, बाह्या वर केलेल्या, तोंडाला मास्कचे वळ. फोन मखराशेजारी टेकवून ठेवलेला. टाळ, टाळ्या, ओजस झांज बडवतोय. सगळे मला हात करतायत. आरती संपल्यावर कुणी एक काकू वाकून बघत म्हणाल्या, "काय गं मेधा, पुण्यात आत्ता मध्यरात्र ना? एवढं ऊन कसं तुझ्याकडे?"

ऊन कसलं. धुरातून आलेला तांबडा उजेड होता. सगळे हसले, कुणीतरी म्हणालं फिल्टर लावला असेल. ताईंनी फोन उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात ईरा पुढे आली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड दिसलं. केस ताईंनी दोन वेण्यांत घट्ट बांधलेले, माझ्याकडून कधी बांधून घेत नाही.

म्हणाली, "व्हॉट इज ऑन युअर आर्म?"

मी हात खाली केला नाही. ताई मागून मेधा, मेधा करत होत्या. मी सांगितलं. मी पुण्यात नाही. आजी ठणठणीत आहे. मी घरीच आहे, आपल्या शेतावर, टाकीपाशी. तुम्ही गेल्यापासून इथेच आहे. मागून येते म्हणाले तेव्हाच मला माहीत होतं की मी येणार नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले, आत्याने ते फक्त पुढे चालवलं. फोन फिरवून त्यांना कडा दाखवला, धूर दाखवला, शेळ्यांचा पट्टा दाखवला. वीस माणसं हातात प्रसादाच्या वाट्या धरून ऐकत होती. ओजस रडायला लागला. ईरा नाही रडली. ती स्क्रीनसमोरून उठून गेली.

संध्याकाळी तिचा मेसेज, एकच ओळ. यू चोज द गोट्स.

२८ ऑगस्ट
रात्रभर उत्तर लिहीत आणि पुसत होते मनातल्या मनात. सकाळी टाकीशी जाऊन पाठवलं ते एवढंच, की तिला रागवायचा हक्क आहे आणि मी तिला यापुढे जे सांगेन ते खरं असेल. तिने वाचलं. उत्तर नाही.

मग वाटलं, निम्मं काम करून कसं चालेल. सासवडला फोन लावला. आईला पहिल्या वाक्यात सांगितलं, मी सांता क्लाराला नाही, शेतावर एकटी आहे आणि आग जवळ आलीय. तिने विचारलं, "डिझेल किती आहे?"

सांगितलं. पंप किती तास चालतो, टाकी भरलेली आहे का, घराला किती बाजूंनी रस्ता. एकेक विचारत गेली. बीपी कुठल्या कुठे. तिने चाळीस वर्षं बाबांबरोबर अंजिराचा मळा सांभाळलाय, दुष्काळातही. शेवटी म्हणाली, "झाडं जळली तरी बुंध्यातून फुटतात गं अंजिराची. तू मात्र फुटत नसतेस. घराला लागली की निघायचं, माझ्याशी कबूल कर." कबूल केलं. खरं कबूल केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला वेडी म्हटलं नाही.

२९ ऑगस्ट
स.चा फोन. त्याचा आवाज दमलेला. ताईंनी तिथल्या शाळेत चौकशी केलीय, दोघांना पुढच्या आठवड्यापासून घेतील, फॉर्म भरायचाय. तात्पुरतं, म्हणाला.
आमच्या घरात तात्पुरता आणलेला फ्रिज अकरा वर्षं आहे. मी म्हटलं, नाही.

"मेधा, आग किती दिवस चालेल कुणाला माहीत? मुलांनी काय घरात बसायचं? ताईंचं घर आहे, त्यांची मुलं कॉलेजला गेली, रूम्स रिकाम्या आहेत. दे आर हॅपी हिअर."
म्हटलं, ओजस हॅपी होता कारण त्याला वाटत होतं मी थालीपीठ खातेय.
तो म्हणाला, "तुला शेत पण पाहिजे आणि मुलं पण पाहिजेत."
"हो. दोन्ही पाहिजे. तुला तुझी नोकरी आणि मुलं दोन्ही पाहिजे असतात तेव्हा कुणी विचारतं का तुला?"
वाईट माणूस नाही तो. फॉर्म अजून भरलेला नाही, भरण्याआधी सांगेन म्हणाला. मला माहीत आहे, एकदा तिथली शाळा, तिथले मित्र, तिथला सॉकर सुरू झाला की मग शेत म्हणजे वीकेंडला जायची जागा. मग तेही नाही. ताई काही वाईट मनाने करत नाहीत, मायेनेच करतात, म्हणून तर जास्त भीती वाटते.

३० ऑगस्ट
आली. कड्यावरून खाली उतरली दुपारी तीनला. नंतर लिहिते

३१ ऑगस्ट
जिवंत आहे. घर आहे. चौदाच्या चौदा शेळ्या आहेत.

खालच्या बाजूची चाळीसेक झाडं गेली. तिथे पट्टा पोचला नव्हता. वरून आलेली आग शेळ्यांनी चरलेल्या जमिनीपर्यंत आली आणि तिथे तिला खायला काही नव्हतं. मी आणि रूथ, दोघी दोन नळ्या धरून. नंतर अग्निशमनवाल्यांची गाडी आली, सहा माणसं, त्यांनी तो पट्टा धरूनच आग अडवायची पुढची लाइन आखली. त्यांच्या प्रमुखाने विचारलं, हे कुणी साफ केलं? मी शेळ्यांकडे बोट दाखवलं. तो हसायला लागला, मग मीही, मग थांबताच येईना आणि रूथने मला धरून पायरीवर बसवलं.

वारा जरा डावीकडे वळला असता तर घर गेलं असतं, हेही लिहून ठेवते. आईला कबूल केल्याप्रमाणे पिकअप रस्त्याकडे तोंड करून उभी होती, किल्ली आत. फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पण राहिले याचा पश्चात्तापही नाही. दोन्ही खरं आहे.

स.ला सांगितलं. तो रडला. पंधरा वर्षांच्या संसारात दुसऱ्यांदा. मग म्हणाला, फॉर्म फाडून टाकतो. मी म्हटलं थांब, मुलांना विचार. त्यांनाही तोंड आहे.

२ सप्टेंबर
एक गाभण शेळी व्यायली, दोन पिल्लं. फोटो पाठवला. ओजसने लगेच नावं ठेवली, दोन्ही नावं मोदक. ईराने फोटो बघितल्याची खूण दिसते.

ताईंचा फोन आला. आपणहून. म्हणाल्या, "ओजस रोज आगीचं चित्र काढतो. मला वाटलं घाबरलाय. विचारलं तर म्हणतो, ही आई आहे, पाणी मारतेय." मग म्हणाल्या, "पुन्हा वेळ आली ना मेधा, तरी मी मुलांना हेच सांगेन." म्हटलं, माहीत आहे ताई. भांडलो नाही. पटलंही नाही एकमेकींचं. ईराच्या दोन वेण्या चांगल्या दिसत होत्या, हे मात्र सांगितलं त्यांना, मनापासून.

४ सप्टेंबर, गुरुवार
नाका उठला. आजपासून रहिवाशांना ये-जा करता येईल. उद्या सांता क्लाराला जाणार. शेळ्यांना रूथ बघेल.

दुपारी फोन वाजला. ईरा. मी टाकीपाशी नव्हतेच, रेंज आता घरातही येतेय, त्यामुळे दचकलेच. तिने कसं काय वगैरे काही विचारलं नाही. म्हणाली, तिने ठरवलंय. ओजस तर येणारच आहे, त्याला फक्त पिल्लं दिसतायत. तीही येईल परत, शेतावर, जुन्या शाळेत. पण तिची एक अट आहे.

"नेक्स्ट टाइम इट कम्स, मी गाडीत बसणार नाही. आय स्टे विथ यू. प्रॉमिस कर."

अट ती इंग्रजीत सुरू करून मराठीत शिरली तेव्हाच कळलं की पक्कं ठरवून आलीय. मी म्हटलं, ईरा, ते... तर म्हणाली, "तू म्हणालीस खरं सांगशील. सो डोन्ट से येस इफ इट्स अ लाय."

अकरा वर्षांची आहे. जगातल्या कुठल्याही आईने एका क्षणात नाही म्हणावं असा प्रश्न, आणि मला नाही म्हणता येईना. सतरा दिवस सगळ्यांनी मला निघ म्हटलं, नवऱ्याने, शेरिफच्या माणसाने, मेसेज करणाऱ्या प्रत्येकाने, आणि मी घर माझं आहे म्हणून पाय रोवून उभी राहिले. घर तिचंही आहे. तिला काय सांगू, तू लहान आहेस? लहान आहेत म्हणूनच ताईंनी मला पुण्याला पाठवलं होतं. हो म्हणू? पुढच्या ऑगस्टला पुन्हा फोन वाजेल, तेव्हा मीच तिला उचलून गाडीत कोंबेन हे मला आत्ताच माहीत आहे. की नाही कोंबणार?

तिला सांगितलं, उत्तर मी उद्या समोर बसून देईन. "ओके," म्हणाली. "बट ड्राइव्ह सेफ."

मार्कर अजून दंडावरून पूर्ण गेलेला नाही. सकाळी सातला निघायचं. तीन तासांचा रस्ता आहे, तेवढ्यात मला काहीतरी खरं सुचायला हवं.